इनलँड पोर्टजवळ कारखाना हलवावा का? आधी रिकामे कंटेनर मोजा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. व्हॉल्व्ह बनवायचा कारखाना आहे, सध्याच्या जागेचा करार संपत आलाय आणि समोर दोन पर्याय आहेत. एक समुद्राच्या बंदराला लागून, पण छोटी जागा. दुसरी तिथून साधारण साडेचारशे किलोमीटर आत, इनलँड पोर्टच्या (समुद्रापासून आत असलेल्या, कंटेनर हाताळणाऱ्या बंदराच्या) गेटपासून सहा किलोमीटरवर, त्याच भाड्यात जवळपास तिप्पट मोठी. आठवड्याला सहा-सात वीस फुटी कंटेनर बाहेर जातात आणि दोन-तीन चाळीस फुटी आत येतात. इनलँड पोर्टचे जे फायदे सगळे सांगतात ते प्रत्यक्षात मिळतात का, हे तुम्ही विचारलंय.

मी बावीस वर्षं फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्यांचा माल पाठवायची व्यवस्था करण्याच्या धंद्यात आहे आणि त्यातली बरीचशी वर्षं समुद्रापासून लांब असलेल्या कारखान्यांचा माल जहाजापर्यंत पोचवण्यात गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. घाईत असाल तर रिकाम्या कंटेनरचा भाग तेवढा नक्की वाचा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. तुम्ही जागेची तुलना करताय, पण तुम्ही खरं जे ठरवणार आहात ते वेगळं आहे. साडेचारशे किलोमीटरचा एक अख्खा टप्पा तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी वेळापत्रकावर सोपवणार आहात. ते वेळापत्रक चांगलं असेल तर इनलँड पोर्टसारखी जागा नाही, असं मी मनापासून म्हणतो. वाईट असेल तर तिप्पट मोठी जागा जहाज चुकलेला माल ठेवायलाच वापरली जाईल.

इनलँड पोर्ट म्हटलं की दोन वेगळे प्रकार एकाच नावाखाली येतात. एक नदीवरचं किंवा कालव्यावरचं, जिथे बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटी लागतात. राइन आणि रूर नद्यांच्या संगमावरचं जर्मनीतलं डुइसबुर्ग हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण, २०२१ मध्ये तिथे ४० लाखांहून जास्त टीईयू (एक टीईयू म्हणजे एक वीस फुटी कंटेनर) हाताळले गेले. दुसरा प्रकार म्हणजे ड्राय पोर्ट, पाण्याचा थेंब नाही, नुसता रेल्वेनं समुद्राच्या बंदराला जोडलेला यार्ड. अमेरिकेत फ्रंट रॉयलचं व्हर्जिनिया इनलँड पोर्ट १९८९ मध्ये सुरू झालं ते असं, नॉरफोकच्या धक्क्यांपासून जवळपास साडेतीनशे किलोमीटर आत. तुमचं कुठल्या प्रकारचं आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये, अंतरावरून मी रेल्वेचं धरून चालतो, नदीचं असेल तर त्यासाठी खाली वेगळं लिहिलंय.

आता ही बंदरं बांधतं कोण आणि कशासाठी, हे बघणं फार महत्त्वाचं आहे आणि जागा घेणारे नेमकं तेच विचारत नाहीत. फ्रंट रॉयलचा यार्ड व्हर्जिनियाच्या पोर्ट अथॉरिटीनं काढला तो बाल्टिमोरसारख्या दुसऱ्या बंदरांकडे जाणारा आतल्या भागातला माल आपल्याकडे वळवायला. साउथ कॅरोलायनातलं ग्रीअर २०१३ मध्ये सुरू झालं, तेही त्या राज्याच्या पोर्ट अथॉरिटीचं, आणि त्याची मालगाडी चार्ल्सटनला, त्याच राज्याच्या समुद्राच्या बंदराला जाते. म्हणजे मालक समुद्राचं बंदर असेल तर गाडीही त्याच बंदराला जाणार. डुइसबुर्गचं तसं नाही, ते राज्य सरकार आणि शहर यांच्या मालकीचं आहे, त्यामुळे तिथून रॉटरडॅम, अँटवर्प, हॅम्बुर्ग, सगळीकडे माल निघतो. एका बंदरात संप झाला, गर्दी झाली, तर दुसरीकडे वळता येतं. समुद्राला लागून जागा घेतलीत तर तुम्ही एकाच बंदराला बांधले जाता, आणि एकच गाडी असलेल्या ड्राय पोर्टवर घेतलीत तरी तसेच. तेव्हा पहिला फोन त्या यार्डाला करा आणि विचारा, मालक कोण आणि नियमित गाड्या किती बंदरांना आहेत. कधीमधी जाणारी गाडी मोजू नका.

अंतराचं गणित साधं आहे. ट्रकला फक्त किलोमीटरचा खर्च असतो. रेल्वेला किंवा बार्जला किलोमीटरमागे खर्च खूप कमी, पण दोन्ही टोकांना उचल-ठेव आणि त्यावर शेवटच्या टप्प्याचा ट्रक असतो. म्हणून थोड्या अंतरात ट्रक जिंकतो आणि लांब अंतरात रेल्वे, आणि काटा कुठे फिरतो ते देशागणिक बदलतं कारण डिझेल, टोल, रेल्वेचे दर आणि रस्त्यावरच्या वजनाचे नियम सगळीकडे वेगळे. पण अंतरापेक्षाही माल किती आणि किती नियमित आहे हे जास्त ठरवतं. ग्रीअर ते चार्ल्सटन साधारण ३४० किलोमीटरच आहे, काही लोक म्हणतील रेल्वेसाठी कमी, पण जवळच स्पार्टनबर्गला बीएमडब्ल्यूचा मोठा कारखाना आहे, असं एक मोठं गिऱ्हाईक असलं की गाडी रोज भरते आणि गाडी रोज भरली की ती रोज सुटते. तुमच्या इनलँड पोर्टाचं असं मोठं गिऱ्हाईक कोण आहे ते शोधा. कुणीच नसेल, सगळे तुमच्यासारखे आठवड्याला सहा-सात कंटेनरवाले असतील, तर एखाद्या मंदीच्या सीझनमध्ये पहिल्यांदा गाडीच कमी होते.

गाड्यांच्या संख्येचा परिणाम कागदावर मांडून बघा. आठवड्याला एकच गाडी असेल आणि कंटेनर ती सुटल्यावर तासाभरानं तयार झाला तर सात दिवस थांबायचं, सरासरी धरली तरी साडेतीन दिवस. रोज गाडी असेल तर सरासरी अर्धा दिवस. बंदरापर्यंतचा प्रवास दोन्हीकडे सारखाच, एक रात्र समजा, पण तुमच्या गिऱ्हाइकाला सांगायची तारीख तीन दिवसांनी पुढे जाते आणि तेवढा तयार माल कायम अंगावर राहतो. भाड्यातली बचत इथे हळूहळू जिरते.

आता फायद्यांकडे येतो, कारण ते खरे आहेत आणि मी स्वतः लोकांना त्यासाठी हलायला सांगितलंय.

पहिला फायदा ट्रकच्या फेऱ्यांचा. इतक्या आतून थेट ट्रकनं समुद्रापर्यंत साडेचारशे किलोमीटर जाऊन-येऊन म्हणजे एका ट्रकचे दोन दिवस गेलेच, बंदराच्या गेटवर रांग असेल तर तिसराही. आठवड्याला नऊ-दहा कंटेनरची ने-आण करायला तीन-चार ट्रक आणि तेवढे ड्रायव्हर अडकतात. यार्ड सहा किलोमीटरवर असेल तर एक ट्रक एक ड्रायव्हर दिवसात तीन-चार फेऱ्या आरामात मारतो आणि रात्री घरी झोपतो. लांबच्या रूटला ड्रायव्हर मिळणं किती कठीण झालंय हे तुम्ही रोज बघत असाल, त्यामुळे हा फायदा मी सगळ्यात वर ठेवतो. शिवाय तुमचा माल कास्टिंगचा, वजनदार. कंटेनरमध्ये जागा उरते पण रस्त्यावरची वजनाची मर्यादा आधी भरते. मोठा टप्पा रेल्वेनं गेला तर वीस फुटीत जास्त टन बसतात, फक्त त्या सहा किलोमीटरसाठी काय परवानगी लागते ते स्थानिक नियमांवर आहे, ते आधी विचारा.

दुसरा कस्टम्सचा. यार्डात कस्टम्सचं ऑफिस असेल तर आयातीचा कंटेनर समुद्राच्या बंदरात न उघडता सील लावून बॉन्डमध्ये, म्हणजे ड्युटी न भरता कस्टम्सच्या देखरेखीत, आत येतो आणि तपासणी तुमच्या दारात होते. हे ऐकायला छोटं वाटतं. पण समुद्राच्या बंदरात कंटेनर तपासणीला काढला तर तिथे उभा असतो तुमचा एजंट, त्याला तुमच्या व्हॉल्व्हच्या सीट रिंग आणि सील रिंग या भागांतला फरक माहीत नसतो, मग फोनाफोनी, कॅटलॉग पाठवा, फोटो पाठवा, दोन दिवस जातात. इथे तुमचा स्टोअरवाला वीस मिनिटांत सुट्टा भाग हातात घेऊन पोचतो आणि विषय तिथेच मिटतो. ड्युटीही बऱ्याच ठिकाणी माल बॉन्डमधून सोडवताना भरायची असते, म्हणजे पैसे काही दिवस उशिरा जातात. तुमच्याकडचा नियम काय ते कस्टम्स ब्रोकरकडून लेखी घ्या.

तिसरा फायदा म्हणजे यार्ड हेच तुमचं गोडाऊन होतं. तीन कंटेनर एकदम आले तरी तिन्ही एकदम रिकामे करायची सक्ती नाही, जो हवा तो उद्या बोलवायचा, बाकीचे फ्री दिवसांत, म्हणजे आकार लागत नाही त्या दिवसांत, तिथेच राहू द्यायचे. पण यार्डातल्या थांब्याचा आकार म्हणजे डेमरेज आणि कंटेनर बाहेर काढून परत देईपर्यंतचा आकार म्हणजे डिटेंशन, या दोन घड्याळांचे नियम वेगळे असतात, आणि काही शिपिंग लाइन्स फ्री दिवस समुद्राच्या बंदरात उतरल्यापासूनच मोजायला लागतात. तसं असेल तर गाडीची वाट बघण्यातच तुमचे फ्री दिवस संपतात. लाइनशी बोलताना 'फ्री दिवस इनलँड पोर्टला पोचल्यापासून' हे शब्द करारात आले पाहिजेत.

आता रिकाम्या कंटेनरचं. कंटेनर तुमचा नसतो, शिपिंग लाइनचा असतो, आणि निर्यातीसाठी तो रिकामा मिळावा लागतो. समुद्राच्या बंदराजवळ रिकाम्यांचे ढीग असतात. आत मात्र तेवढेच रिकामे मिळतात जेवढे आयातीचे भरून येऊन तिथे खाली झाले. आणि तुमच्या भागात आयात होते ती बहुतेक हलक्या, जागा खाणाऱ्या मालाची, म्हणजे चाळीस फुटी कंटेनर. तुम्हाला जड मालासाठी हवेत वीस फुटी. म्हणजे यार्डात शंभर रिकामे उभे दिसतील आणि तरी तुमच्या कामाचा एकही नसेल. तुमची स्वतःचीच आयात चाळीस फुटी आहे, त्यामुळे तुमचा आत आलेला कंटेनर तुमच्याच निर्यातीला वापरता येत नाही! मग लाइन समुद्राकडून वीस फुटी रिकामे आत आणते आणि त्या फेरीचा खर्च कुठल्या ना कुठल्या नावाखाली तुमच्या बिलात येतो, किंवा आणतच नाही आणि तुमचं बुकिंग पुढच्या आठवड्यावर ढकलते.

याचा अजून एक परिणाम असतो जो कुठल्याच हिशेबात दिसत नाही. भरायच्या आधी कंटेनर तपासायची आमची एक पद्धत आहे. आत शिरायचं, बाहेरच्या माणसाला दोन्ही दारं लावून घ्यायला सांगायचं, मिनिटभर डोळे अंधाराला सरावू द्यायचे आणि मग छत, कोपरे, दाराचं रबर सगळं नजरेखालून घालायचं. टाचणीएवढा जरी उजेडाचा ठिपका दिसला तरी कंटेनर परत, कारण जिथून उजेड येतो तिथून पाणी येतं. यार्डात वीस फुटी भरपूर असतील तर परत करणं सोपं, रीच स्टॅकर (कंटेनर उचलणारं यार्डातलं यंत्र) दुसरा काढून देतो, पंधरा मिनिटांचं काम. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या वेळी त्या आठवड्यात यार्डात त्या लाइनचा एकच वीस फुटी शिल्लक होता. छताच्या कोपऱ्यात ठिपका दिसला होता, पण गाडीची वेळ जवळ आलेली, म्हणून भोकावर टेप मारून माल भरला. माल पोचला तेव्हा त्या कोपऱ्याखालच्या क्रेट्समधल्या मशीनिंग केलेल्या फ्लँजच्या (पाइप जोडायच्या कड्यांच्या) तोंडांवर गंजाचा पट्टा होता. सगळा लॉट परत घासून द्यावा लागला. मी तेव्हा ठामपणे नाही म्हणायला हवं होतं, ती चूक माझ्या आजही मनात आहे. तुमचाही माल तसाच आहे म्हणून हे इतकं सांगतोय.

तेव्हा यार्डाच्या मॅनेजरला हे विचारा: गेल्या आठ आठवड्यांत दर सोमवारी सकाळी, तुम्ही वापरता त्या लाइनचे, वीस फुटी, निर्यातीला चालतील असे किती रिकामे होते. सगळे आकडे आठच्या वर असतील तर बिनधास्त पुढे जा. दोन-तीन आठवडे शून्य दिसलं तर जागेची बोलणी थांबवून आधी लाइनशी बोला. आणि आजूबाजूला कुणी जड कच्चा माल वीस फुटीत आयात करतोय का शोधा, टाइल्सवाले, केमिकलवाले, मेटलवाले. त्याचा खाली झालेला कंटेनर त्याच लाइनचा असेल तर लाइनच्या परवानगीनं थेट तुमच्याकडे आणता येतो, यार्डाची एक फेरीच वाचते. असा एक शेजारी मिळणं म्हणजे लॉटरी.

इथपर्यंतचं थोडक्यात: मालक कोण, गाड्या किती, मोठं गिऱ्हाईक कोण, वीस फुटी किती. ही चार उत्तरं हातात आली की निम्मा निर्णय झाला.

कट-ऑफबद्दल. समुद्राच्या बंदरात गेट बंद व्हायची जी वेळ असते त्याच्या दोन-तीन दिवस आधी इनलँड पोर्टची वेळ संपते, कारण गाडी भरायची, पोचायची, उतरवायची. १ जुलै २०१६ पासून सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमानं भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन जहाजावर चढायच्या आधी द्यावं लागतं, त्याचीही वेळ तितकीच आधी येते. म्हणजे तुमच्या प्रॉडक्शनच्या लोकांना शुक्रवार सांगायची सवय असेल तर आता बुधवार सांगावा लागेल, आणि ही सवय लागायला माझ्या अनुभवात चार-सहा महिने जातात. त्या काळात एक-दोन जहाजं चुकणार हे धरूनच चला. आणि समुद्राकडे गर्दी झाली की आतला यार्ड त्यातून सुटतो असं नाही. २०२१ मध्ये लॉस एंजेलिस आणि लाँग बीचबाहेर जहाजांची रांग लागली तेव्हा आतले यार्डही तुंबले, जुलैत युनियन पॅसिफिकनं पश्चिम किनाऱ्यावरून शिकागोजवळच्या आपल्या ग्लोबल फोर यार्डाकडे जाणाऱ्या आयात कंटेनरच्या गाड्या आठवडाभर थांबवल्या होत्या. अशा वेळी रस्त्यानं थेट समुद्रापर्यंत जायचा पर्याय महाग पडला तरी हाताशी असावा, एखादा ट्रान्सपोर्टर कमी कामावर का होईना पण वर्षभर धरून ठेवा.

तुमचं पोर्ट नदीवरचं असेल तर पाण्याची पातळी हा वेगळा अभ्यास आहे. राइनवर काउब नावाचं गाव आहे, तिथली पाण्याची पातळी मोजायची पट्टी सगळे बघतात कारण नदी तिथे उथळ आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती पट्टी २५ सेंटीमीटरवर आली होती. पट्टीवरचा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे, जहाजाच्या मार्गात पाणी त्याहून साधारण मीटरभर जास्त असतं, पण तरी बार्ज अर्धेसुद्धा भरता येत नव्हते. लुडविगशाफेनच्या बीएएसएफ या रसायन कंपनीला त्या वर्षी साधारण २५ कोटी युरोचा फटका बसला आणि नंतर त्यांनी कमी पाण्यात चालणारं टँकर जहाज तयार करून घेतलं, ते २०२३ मध्ये आलं. आता यातली बघण्यासारखी गोष्ट अशी, की समुद्राकडून येताना डुइसबुर्ग काउबच्या आधी लागतं आणि लुडविगशाफेन, मानहाइम, बाझल नंतर. एकच नदी, पण काउबच्या खालच्या आणि वरच्या बंदराची जोखीम वेगळी. तुमच्या पोर्टच्या आणि समुद्राच्या मध्ये असं उथळ ठिकाण कुठे आहे ते शोधा, आणि त्याच पोर्टला रेल्वेही असेल तर निम्मी काळजी मिटली.

पैशांचं एक. तुम्ही अजून एफओबीवर (विक्रीच्या आंतरराष्ट्रीय अटींपैकी एक) विकत असाल तर माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम तुमच्या डोक्यावर, म्हणजे यार्डातली उचल-ठेव आणि साडेचारशे किलोमीटरची गाडी सगळी तुमच्या खात्यात. कंटेनरच्या मालासाठी एफसीए ही दुसरी अट घ्या आणि ठिकाण म्हणून इनलँड पोर्टचं नाव लिहा, मग कॅरियरच्या (माल नेणाऱ्या कंपनीच्या) ताब्यात दिलं की तिथे जोखीम बदलते. एलसी, म्हणजे बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट असेल तर बँक काय मागते ते बघा, नुसतं माल ताब्यात घेतल्याचं चालत असेल तर उत्तम, पण ऑन बोर्डचा, म्हणजे माल जहाजावर चढल्याचा शेरा लागत असेल तर जहाज सुटेपर्यंत कागद तयार होत नाहीत आणि ते चार-पाच दिवस तुमचे पैसे अडकतात. याच अटींच्या नियमावलीत, इन्कोटर्म्स २०२० मध्ये, एफसीएसोबत ऑन बोर्ड बिल ऑफ लेडिंग (कॅरियरनं दिलेला मालाचा कागद) मिळवायची सोय केलेली आहे, खरेदीदारानं कॅरियरला तशी सूचना द्यायची असते. हे नवीन जागेत गेल्यावर नाही, आता चालू ऑर्डर्सपासूनच बदलायला घ्या.

जागेच्या करारात एक कलम शोधा. पोर्टच्या हद्दीतली जमीन बहुधा विकत देत नाहीत, भाडेपट्ट्यानं देतात, आणि कधीकधी त्यात वर्षाला किमान इतके कंटेनर आमच्या यार्डातून गेले पाहिजेत असं लिहिलेलं असतं. ऑर्डर कमी झाल्या तरी तो आकडा सुटत नाही. तुमची जागा गेटपासून सहा किलोमीटरवर आहे म्हणजे कदाचित हद्दीबाहेर, तरी बघा. असं कलम असेलच, तर त्याच्या जोडीला उलट कलम मागा, की गाड्या आठवड्याला अमुकपेक्षा कमी झाल्या तर किमान आकडा लागू राहणार नाही. मी हे दोनदा मागितलंय, एकदा मिळालं.

माणसांबद्दल थोडंच लिहितो. चालू लागलेल्या इनलँड पोर्टभोवती गोडाऊनं पटापट उभी राहतात. डुइसबुर्गला तर १९९३ मध्ये बंद पडलेल्या क्रुपच्या पोलाद कारखान्याच्या जमिनीवर अख्खं लॉजिस्टिक्सचं केंद्र उभं राहिलं. फ्युमिगेशनवाले, पॅलेटवाले, क्रेट बनवणारे, कंटेनर दुरुस्त करणारे सगळे जवळ मिळतात हे चांगलंच. पण फोर्कलिफ्टचे ड्रायव्हर आणि पॅकिंगची माणसं सगळ्यांना तीच हवी असतात. तुमचे मशीनिस्ट तुमच्याबरोबर येणार का, हे त्यांनाच विचारा, जागा बघायच्या आधी.

शेवटी, हलायच्या आधी एक करून बघा. दोन महिने तुमच्या सहा-सात कंटेनरमधले दोन आताच्या कारखान्यातून त्या इनलँड पोर्टमार्गे पाठवा. थोडं उलटं पडेल, जास्तीचा खर्चही होईल, पण प्रत्येक कंटेनरचं वहीत लिहा: रिकामा कधी मागितला, कधी मिळाला, यार्डात भरून कधी दिला, गाडी कधी सुटली, जहाजावर कधी चढला. सोळा ओळी होतील. त्या ओळी आणि आठ सोमवारचे वीस फुटींचे आकडे इथे टाका, मी बघून सांगतो.